अनुभव धागा: अणुकेंद्राच्या शेजारी राहताना घरात काय बोललं जायचं?

खाडीवरची
काल पाहुण्यांना घेऊन घारापुरीला गेले होते. परतताना लाँच वळली आणि पलीकडे ट्रॉम्बेच्या डोंगराखाली भाभा अणुसंशोधन केंद्राचा तो पांढरा घुमट दिसला. ट्रॉम्बे कोळीवाड्यात वाढले मी. लग्न होऊन अलिबागला आले त्याला पंचवीस वर्षं होऊन गेली, तरी काल पोटात तसाच गोळा आला.

डिसेंबर १९८४. मी चौथीत. भोपाळच्या वायुगळतीच्या बातम्या आल्या आणि वाड्यात सगळ्यांना एकदम डोंगरापलीकडचं ते आठवलं. तोवर बाबांना तो घुमट म्हणजे होडीवरून धरायची खूण, एवढंच. त्या आठवड्यात आईने गाठोडं बांधलं. रेशनकार्ड, होडीचे कागद, सुके बोंबील, धाकट्याची दोन झबली. होळीपर्यंत ते दाराआड होतं. आजी रोज रात्री बाबांना विचारायची, "वारा कंचा हाय रं?" मतलई सुटला असला, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे, की ती आडवी व्हायची. नाहीतर भिंतीला टेकून बसून राहायची. किरणोत्सर्ग हा शब्द तिला कुणी सांगितला नव्हता. पण प्रश्न बरोबर होता तिचा, हे मला फार पुढे कळलं.

तुमच्यापैकी कुणी असं वाढलंय का? ट्रॉम्बे, तारापूर, माडबन, कुठेही. घरात काय ठरलेलं असायचं ते ऐकायचंय.

शीतल_बोईसर
वाचून काटा आला. भाजी टाकलीये गॅसवर, थोडक्यात लिहिते. माझे बाबा तारापूरच्या अणुवीज केंद्रात होते. घरी आले की आधी आंघोळ, मग आम्हाला जवळ घेणं. तिकडून सगळं तपासूनच सोडतात असं ते सांगायचे, पण आईचा नियम तो नियम. आणीबाणीचा सराव असला की जीप फिरायची: घरात थांबा, दारं खिडक्या लावा, पाणी आणि अन्न झाकून ठेवा. आई त्या दिवशी पिठाच्या डब्यावरसुद्धा ओलं फडकं टाकायची.
२०१८ च्या नोव्हेंबरपासून डहाणू तलासरीकडे धक्के सुरू झाले ना, तेव्हा भांडी वाजली की मी आधी फॅनकडे बघायचे आणि मग खिडकीतून तारापूरच्या दिशेला. अजूनही तसंच.

मनाली७८
शीतल तू बोईसरला कुठे गं? माझी मावशी चित्रालयला राहते.

आंबेवाला_राजापूर
आमचं आजोळ माडबनजवळ, जिथे जैतापूरचा अणुवीज प्रकल्प ठरला. २०११ चं सांगतो. ११ मार्चला जपानचं टीव्हीवर बघितलं, लाटा आणि नंतर फुकुशिमाच्या अणुकेंद्रातले ते स्फोट. आजोबा टीव्हीसमोरून उठले नाहीत. १८ एप्रिलला आमच्याकडे साखरी नाट्याला प्रकल्पाविरोधातल्या आंदोलनात गोळीबार झाला, एक जण गेला. सहा आठवड्यांच्या आत दोन्ही.
कागदावर ६ अणुभट्ट्या, प्रत्येकी १६५० मेगावॅट. आजोबांना मेगावॅट कळत नव्हतं, गरम पाणी कळत होतं. समुद्रातून पाणी घेणार आणि तापवून परत सोडणार, मग मासा किनाऱ्याला राहील का, हे ते भेटेल त्याला विचारायचे. घरात जमिनीच्या भरपाईच्या चेकवरून दोन मामा बोलेनासे झाले. एकाने घेतला, एकाने नाही. गणपती अजून दोन ठिकाणी बसतात. आम्हा भाचरांना दोन्हीकडे आरतीला जावं लागतं आणि दोन्हीकडे आजी विचारते, तिकडे काय केलं होतं नैवेद्याला.

शीतल_बोईसर
@आंबेवाला फार वाईट वाटलं. आजीचं सगळ्यात जास्त.
@मनाली अगं चित्रालयच्या मागेच! मावशी शिकवणी घ्यायच्या का?

निवृत्त_मास्तर
भौतिकशास्त्र शिकवलं ३१ वर्षं, म्हणून लिहितो. खाडीवरची ताई, तुम्ही पाहिलात तो घुमट सायरसचा. १९६० ची अणुभट्टी, ४० मेगावॅट. ती ३१ डिसेंबर २०१० ला कायमची बंद केली. शेजारी ध्रुव आहे, १९८५ पासूनची, १०० मेगावॅट. हे आकडे उष्णतेचे आहेत. विजेच्या अणुभट्ट्या याच्या कितीतरी पट मोठ्या असतात, तेव्हा ट्रॉम्बे आणि जैतापूर एका मापाने मोजू नयेत.
आजींचा वाऱ्याचा प्रश्न अगदी योग्य. हवेत काही सुटलं तर ते वाऱ्याबरोबरच जातं. त्यात आयोडीन-१३१, म्हणजे किरणोत्सर्गी आयोडीन, असेल तर ते गवतावर पडतं, गाईच्या दुधात उतरतं आणि मुलांच्या गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत साठतं. दर ८ दिवसांनी निम्मं होतं, म्हणून सुरुवातीचे दिवस दुधापासून जपायचं. या ग्रंथीला वाचवणारी पोटॅशियम आयोडाइडची गोळी प्रशासनाने सांगितली तरच घ्यावी. जखमेला लावायचं आयोडीन कुणीही, कधीही पिऊ नये. ही माहिती अशा गावांतल्या प्रत्येक शाळेच्या भिंतीवर मराठीत रंगवलेली असावी असं मला मनापासून वाटतं.

प्राजक्ता_दा
मास्तर, धन्यवाद, दुधाचं माहीत नव्हतं. बहिणीला पाठवलं.
माझं वेगळंच. लग्न ठरवताना एका स्थळाने माझ्या आईला तोंडावर विचारलं, मुलगी अणुकेंद्राजवळची ना, मुलं धड होतील ना? मी आत चहा गाळत होते. आई फक्त "चहा घ्या" म्हणाली. मला आता दोन मुली आहेत, मोठी बारावीला. गरोदरपणात नऊ महिने ते वाक्य डोक्यातून गेलं नाही, दोन्ही वेळा.

खाडीवरची
प्राजक्ता, जवळ असतीस तर मिठी मारली असती.

चिपळूणकर_सून
सासूबाई कोयनेचा भूकंप सांगतात, ११ डिसेंबर १९६७. त्यानंतर कित्येक रात्री सगळे अंगणात झोपायचे, थंडीत. जैतापूरचा विषय निघाला की त्या एवढंच म्हणतात, "मी अंगणात झोपलेय." बाकी नंतर लिहीन, बाळ उठलं.

मनाली७८
हो हो शीतल, शिकवणीच! गणिताची. तू लाल सायकलवाली का?

खाडीवरची
मास्तर, सायरस बंद झालाय हे मला माहीत नव्हतं. आजी २००३ ला गेली. आत्ता आईला फोन करून सांगितलं, आई, तो पांढरा घुमट केव्हाच बंद केलाय, २०१० लाच.
ती जरा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मंग त्याच्या शेजारचा?"

शीतल_बोईसर
मनाली, लाल सायकल माझीच! मावशींचा नंबर व्यक्तिगत निरोपातून पाठव ना.