शब्दचर्चा : पोकरमधला 'शॉर्ट स्टॅक'

प्रश्न
पोकरच्या डावपेचांवर मराठीत लेख लिहितोय, 'शॉर्ट स्टॅक'पाशी (पुढ्यात चिप्स, म्हणजे पैजेच्या चकत्या, थोड्याच उरलेला खेळाडू) अडलोय. 'कमी चिप्सवाला' ढोबळ वाटतं, 'दुबळा खेळाडू' म्हटलं तर अर्थच बदलतो. नेमका शब्द सुचवा.

प्रतिसाद
तुटपुंजा! पुंजी तोकडी असलेला. 'तुटपुंजा खेळाडू' कानाला खटकेल, पण 'तुटपुंज्या चिप्स' सहज चालावं.

प्रतिसाद
'तुटपुंज्या चिप्स'ला माझंही मत. पण कशाच्या मानाने तुटपुंज्या, ते लेखात यायला हवं. ८,००० चिप्स, बिग ब्लाइंड (पानं बघण्याआधी भरायची सक्तीची पैज) १०० असताना म्हणजे ८० ब्लाइंड, ऐसपैस खेळा. तोच ब्लाइंड १,००० झाला की उरले फक्त आठ. चिप्स तेवढ्याच, माणूसही तोच.

'दुबळा' मात्र अजिबात नको, कारण त्या शब्दामागोमाग चुकीचा डावपेच येतो. दुबळा आहे, दाबू या! तुमच्यापुढे ६०,००० असले तरी ८,०००वाल्याशी भिडताना तुमचेही ८,०००च खेळात असतात. त्या हातापुरते तुम्हीही तुटपुंजेच. त्यात त्याचे निम्मे चिप्स आधीच पॉटमध्ये (मधल्या ढिगात) गेले असतील, तर तो डाव सोडणार नाही. तिथे ब्लफ मारणं म्हणजे चिप्स दान करणं.

पानांची किंमतही बदलते. पंजांची जोडी घेऊन आपण तिसऱ्या पंजाच्या आशेवर कॉल करतो. तो फ्लॉपवर, म्हणजे टेबलावर उघडणाऱ्या पहिल्या तीन पानांत, साधारण साडेआठात एकदा येतो. समोर भरपूर चिप्स असतील तर तेवढी वाट पाहणं परवडतं. इथे आलाच तरी मिळून मिळून किती मिळणार? उलट एक्का-दहा एरवी जपून खेळायची पानं. इथे एक्क्याची जोडी जमली की बहुतेक वेळा फार विचार करायचा नाही.

प्रश्नकर्ता
हे लेखात घेतो. मग 'ऑल-इन' आणि 'फोल्ड'चं काय? 'सर्वस्व पणाला लावणे' आणि 'पान टाकणे' लिहिलं होतं.

प्रतिसाद
'पणाला लावणे' उत्तम. 'सर्वस्व' काढा, नाटकी होतं. 'पान टाकणे' मात्र घोटाळा करेल. आपल्याकडे पान टाकणे म्हणजे खेळणे, सोडणे नव्हे. 'डाव सोडला' लिहा. 'कॉल'ला हात लावू नका, तो सगळ्यांना कळतो.

प्रतिसाद (आधीचाच, ८,०००वाला)
शब्द ठरले आहेत तर एक हात त्यांतच लिहून बघा. ब्लाइंड ५००-१,००० (स्मॉल आणि बिग), शिवाय १,००० अँटी (आणखी एक सक्तीची भर). बटनवरच्या (पानं वाटणाऱ्याच्या जागेवरच्या) खेळाडूने ८,००० पणाला लावले, स्मॉल ब्लाइंडने डाव सोडला. बिग ब्लाइंडमध्ये तुम्ही, १,००० आधीच घातलेले, हातात राणी-गुलाम. पॉट झाला १०,५००, तुम्हाला घालायचेत ७,०००. म्हणजे १७,५०० साठी ७,०००. चाळीस टक्के वेळा जिंकलात तरी बरोबरी. त्याने एक्का-सत्ती दाखवली तरी राणी-गुलाम त्रेचाळीसच्या आसपास जिंकतो. कॉल करायचा, मान खाली घालून बसायचं.

फक्त एक अट घाला. स्पर्धेत बक्षिसाची रेषा जवळ आली असेल तर हे गणित असंच्या असं लावू नये. तिथे गमावलेली चिप कमावलेल्या चिपपेक्षा महाग पडते, त्यामुळे चाळीस टक्के पुरत नाहीत.

आणि तुमच्यानंतर खेळणारे असे दोन-तीन तुटपुंजे बसले असतील तर स्वतः रेझ करतानाच (पैज वाढवतानाच) ठरवा: यांच्यापैकी कुणी सगळं पणाला लावलं तर मी कॉल करणार का? उत्तर 'नाही' असेल तर बहुतेक वेळा ती पानं आधीच सोडलेली बरी. मोठा रेझ करून मग डाव सोडणाऱ्याला काय म्हणायचं, त्यासाठी मराठीत शब्दांची कमतरता नाही :)

प्रश्नकर्ता
ते शब्द संपादक छापणार नाहीत. 'तुटपुंज्या चिप्स' पक्कं करतो. पहिल्या उल्लेखाला किती ब्लाइंड तेही लिहितो.