सेन्सरची वीज ड्रायव्हरमधून बंद-चालू करूनही तो शुद्धीवर येत नाही (लिनक्स ६.६)

ठिबकवाला

नमस्कार मंडळी. ठिबकच्या व्हॉल्व्ह कंट्रोलरचा बोर्ड आहे, सोलर आणि बॅटरीवर चालणारा. पाण्याचा दाब मोजणारा सेन्सर आय-टू-सी वर (चिपा एकमेकींशी बोलतात ती दोन तारांची बस) आहे, ड्रायव्हर मीच लिहिलाय. बॅटरी वाचावी म्हणून रीडिंग नसताना सेन्सरची ३.३ व्होल्टची लाइन तोडतो: रनटाइम सस्पेंडमध्ये (काम नसताना कर्नल उपकरण झोपवतो तेव्हा) रेग्युलेटर, म्हणजे त्या लाइनला वीज देणारा भाग, डिसेबल, रिझ्यूममध्ये एनेबल आणि मग ५ मिलिसेकंद थांबणं.

बहुतेक वेळा चालतं. मध्येच कधीतरी -१२१ (सेन्सर बसवर उत्तर देत नाही, ही एरर) येतो आणि मग ड्रायव्हर काढून परत घातला तरी सेन्सर ढिम्म. बॅटरीची वायर काढून लावली की लगेच शहाण्यासारखा वागतो. आता वीज बंद-चालू तर मी करतोच आहे ना? थांबण्याचा वेळ ५ चा ५० केला, शून्य फरक.

जुना मल्टिमीटर

करताय हे कोड वाचून म्हणताय की मीटर लावून? रेग्युलेटर डिसेबल म्हणजे फक्त मोजणीतून एक वजा. त्या लाइनवर दुसरा कोणी ग्राहक असेल, किंवा डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डवर काय जोडलंय ते कर्नलला सांगणारी फाइल) 'ऑलवेज ऑन' लिहिलेलं असेल, तर वीज जात नाही आणि कोणी तुम्हाला कळवतही नाही. डीबग-एफएसमधली (कर्नलची आतली माहिती दाखवणारं फोल्डर) रेग्युलेटर समरी उघडा, सस्पेंड असताना वापराचा आकडा बघा. तो शून्य असेल तर सेन्सरच्या सप्लाय पिनवर मीटर धरा. स्विचच्या पायावर नको, सेन्सरच्याच पिनवर.

ठिबकवाला

आकडा शून्य आहे, लोड स्विचची (लाइन जोडणारी-तोडणारी चिप) एनेबल पिनही खाली जाते. पण सेन्सरच्या पिनवर १.८ व्होल्ट! हे कुठून येतंय?

जुना मल्टिमीटर

मागच्या दारानं. एसडीए आणि एससीएल या आय-टू-सीच्या दोन तारांचे पुल-अप (तार वर ओढून ठेवणारे रेझिस्टर) तुम्ही कायम चालू असलेल्या ३.३ वर बांधले असणार. बस रिकामी असली की दोन्ही तारा वर. चिपची वीज गेली तरी तिच्या पिनांमधले ईएसडी डायोड (स्थिर विजेपासून वाचवणारे) आहेतच, त्यातून करंट आत शिरतो आणि सप्लाय अर्धवट भरलेला राहतो. पॉवर-ऑन रीसेट (वीज येताच चिप नव्याने सुरू होणं) व्हायला व्होल्टेज डेटाशीटमधल्या मर्यादेच्या खाली जावं लागतं. १.८ वर चिप धड मेलेली नाही, धड जिवंत नाही. त्यातून उठताना कधी नीट उठते, कधी नाही.

आणि तुम्ही थांबताय ते चालू केल्यावर. थांबायला हवं बंद केल्यावर, कॅपॅसिटर रिकामा होईपर्यंत. डिव्हाइस ट्रीतल्या फिक्स्ड रेग्युलेटरच्या नोडमध्ये 'ऑफ-ऑन-डिले-यूएस' त्यासाठीच आहे. तुमच्या बाबतीत मात्र तासभर थांबलात तरी उपयोग नाही, नळ चालू ठेवून टाकी रिकामी होत नसते.

बसवर आणखी काय आहे?

ठिबकवाला

आरटीसी (घड्याळाची चिप) आणि ईईप्रॉम (मेमरीची चिप). मग काका, डिस्चार्ज रेझिस्टर असलेला लोड स्विच टाकला तर?

जुना मल्टिमीटर

अजिबात नको! सप्लाय जमिनीला टेकला की तेच डायोड एसडीए-एससीएलला सुद्धा खाली ओढतील. समजा ४.७ किलोओहमचे पुल-अप आणि २०० ओहमचा डिस्चार्ज, तर तारा व्होल्टच्या आसपास अडकतील, आणि ते लो म्हणूनच वाचलं जातं. सेन्सर झोपला की आरटीसी पण गेली.

पुढच्या बोर्डात मध्ये आय-टू-सी स्विच (बसचा फाटा जोडणारी-तोडणारी चिप) घाला, सेन्सरकडचे पुल-अप सेन्सरच्याच तोडल्या जाणाऱ्या लाइनवर बांधा, आणि डिव्हाइस ट्रीमध्ये 'आयडल डिस्कनेक्ट' द्या. काम नसताना तारच तुटलेली, मग डिस्चार्जवाला स्विच खुशाल लावा.

रात्रपाळी

मीटरवाल्या काकांशी सहमत, पण ड्रायव्हरचं राहिलं. वीज खरोखर जायला लागली की तुमचा नवा त्रास सुरू होईल: सेन्सरची रजिस्टरं कोरी. आत्ता अर्धवट विजेवर ती टिकत असतील म्हणून जाणवलं नाही. सस्पेंडमध्ये रेगमॅपची (रजिस्टरं हाताळणारा कर्नलचा भाग) कॅशे 'ओन्ली' करून 'डर्टी' खूण करा, रिझ्यूममध्ये 'ओन्ली' काढून सिंक करा.

डेटा-रेडीची (रीडिंग तयार झाल्याचं कळवणारी) इंटरप्ट तार असेल तर वीज तोडण्याआधी ती डिसेबल करा. पुल-अप सेन्सरच्या लाइनवर आणि इंटरप्ट लो-लेव्हलचा असेल, तर वीज गेली की तार लो, आणि लॉगमध्ये 'नोबडी केअर्ड' म्हणत कर्नल ती लाइनच बंद करून टाकतो. जाता जाता: गेट-सिंक (उपकरण जागं करणारं कर्नलचं फंक्शन) फेल झाला तरी वापराची मोजणी वाढलेलीच राहते. ५.१० पासून 'रिझ्यूम अँड गेट' आहे, तो वापरा.

पण मुळात वीज तोडायची गरज आहे का? डेटाशीटमध्ये स्लीपचा करंट बघितलात?

ठिबकवाला

बघितला आत्ता. ३ मायक्रोअँपिअर.

रात्रपाळी

मग शेतात गेलेल्या बोर्डांसाठी नुसती स्लीप कमांड पाठवा आणि रेग्युलेटर चालूच ठेवा. सोलर चार्जरची चिप स्वतः याहून जास्त खात असेल.

जुना मल्टिमीटर

शेतातल्यांसाठी हो. नव्या बोर्डात मात्र तोडण्याची सोय ठेवाच, रोज वापरू नका. ढगांच्या गडगडाटात सेन्सर अडकला तर स्लीप कमांड ऐकायला तो शुद्धीवर कुठे असतो? लागोपाठ -१२१ आले तरच ड्रायव्हरने वीज तोडावी. आणि नवा बोर्ड आला की आधी पिनवर मीटर धरून आकडा इथे टाका. ०.३ च्या वर असला तर स्विचच्या मागचे पुल-अप परत तपासू.