कॉनवीचे प्लास माउर आणि आपल्याकडचे वाटणीतले वाडे

खानापूरकर (प्रश्न):
वेल्सच्या उत्तर किनाऱ्यावरील कॉनवी या तटबंदीच्या गावात प्लास माउर नावाचे जुने खानदानी घर आहे. ग्विडिरच्या विन घराण्यातील रॉबर्ट विन यांनी ते १५७६ ते १५८५ या काळात तीन टप्प्यांत बांधले. उत्तरेचा भाग आधी झाला, १५८० मध्ये मधला व दक्षिणेचा, आणि पुढची जागा हाती आल्यावर १५८५ मध्ये देवडीची इमारत. आतल्या गिलाव्याच्या नक्षीत १५७७ आणि १५८० ही साले अजूनही वाचता येतात. आमच्या तालुक्यात त्याच्या निम्म्या वयाचे वाडेही भाऊबंदकीपायी ओळखू येईनासे झाले आहेत. त्या घरात वारसांचे तंटे झालेच नाहीत काय? जाणकारांनी कृपया लिहावे.

टिळकवाडीचा वाचक:
तंटे झाले, आणि चांगलेच लांबले. रॉबर्ट विन १५९८ मध्ये वारले. त्यांचे मृत्युपत्र इतके गुंतागुंतीचे होते की त्यावरचा दावा १६८३ पर्यंत मिटला नाही. पण मालकी कोणाची हेच ठरत नसल्याने घर पाडून नव्या धाटणीने बांधणे कोणालाच शक्य झाले नाही, आणि पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाणाऱ्या त्रिकोणी भिंती व घराण्यांची मानचिन्हे कोरलेली छते बचावली.

वारशाची रीतही लक्षात घ्यावी. वेल्समध्ये पूर्वी बापाची जमीन सर्व मुलग्यांत सारखी वाटली जात असे. आठव्या हेन्रीच्या कारकिर्दीत, १५३६ ते १५४३ दरम्यानच्या कायद्यांनी ती पद्धत मोडून थोरल्याला वारसा देण्याची इंग्रजी रीत लागू केली. रॉबर्ट हे तिसरे चिरंजीव असल्याने ग्विडिरची वडिलोपार्जित मिळकत त्यांच्या वाट्याला आली नाही. इंग्रज सरदारांच्या पदरी राहून, युरोपातील दरबार पाहून आल्यावर त्यांनी कॉनवीत स्वतःचे घर उभे केले.

निपाणीचा सभासद:
म्हणून थोरल्यालाच सारे द्यावे, असे मात्र कोणी समजू नये. कर्नाटकात १९९४ च्या दुरुस्तीने लेकींनाही एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मतः हक्क मिळाला, आणि तो रास्तच आहे. वाड्याचा घात होतो तो हिस्से जागेवर भिंती घालून पाडल्यामुळे. आमच्या गल्लीतील एका वाड्यात चौकाच्या मधोमध सिमेंटच्या ठोकळ्यांची भिंत उभी आहे. तुळशीवृंदावन एकीकडे राहिले, आड दुसरीकडे गेला, आणि पागोळ्यांच्या पाण्याला वाट न उरल्याने सागवानी खांबांची बुडे कुजली आहेत. सामाईक मालकी ठेवून कागदोपत्री हिस्से ठरवता येतात. आपल्याकडे तो विचार फार उशिरा होतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

टिळकवाडीचा वाचक:
सहमत आहे. प्लास माउरही पुढे मॉस्टिन घराण्याकडे जाऊन भाड्याने दिले गेले. १८८७ पासून चित्रकारांच्या रॉयल केंब्रियन अकॅडमीने ते वापरात ठेवले आणि १९९३ मध्ये वेल्सच्या पुरातत्त्व खात्याने, म्हणजे काडूने, ते ताब्यात घेतले. दुरुस्तीत नक्षीवर मुळातले भडक रंग पुन्हा चढवले गेले.

खानापूरच्या पावसात दुरुस्ती करायची झाल्यास जांभ्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा देऊ नये. ओल आतच कोंडते आणि दगड पोखरला जातो. चुन्यातून ती बाहेर पडते. चुन्याचे काम जाणणारा गवंडी मिळाला, तर गिलावा बोटाने वाजवून जिथे पोकळ आवाज येतो तेवढाच भाग काढायला त्याला सांगावे.