तीन भिंगांच्या स्टिरिओ कॅमेऱ्यातील आरसा आणि उलटे भासणारे जवळ-दूर

प्रश्न:
माझ्या जुन्या रोलायडोस्कोप कॅमेऱ्याला समोर तीन भिंगे आहेत. मधल्या भिंगामागे तिरका आरसा असून त्यातून वरच्या दुधी काचेवर दिसणारे दृश्य सुलटे, पण डावे-उजवे बदललेले असते. स्लाइड फिल्म धुऊन आल्यावर जोडचित्राची (दोन डोळ्यांसाठी शेजारी-शेजारी टिपलेल्या दोन चित्रांची) पट्टी न कापता सुलटी धरून, प्रत्येक डोळ्याला एकेक चित्र दाखवणाऱ्या व्ह्यूअरमध्ये घातली, तेव्हा अंगणातले तुळशी वृंदावन मागच्या भिंतीत कोरल्यासारखे खोल गेलेले दिसले. हा आरशाचा परिणाम आहे का?

प्रतिसाद १:
नाही. त्या आरशाचा प्रकाश फिल्मपर्यंत जातच नाही. तुमच्या कॅमेऱ्याचे निर्माते फ्रांके आणि हायडेके यांनी १९२१ च्या हायडोस्कोप या आधीच्या स्टिरिओ कॅमेऱ्यापासूनच कडेची दोन भिंगे चित्रासाठी आणि मधले केवळ फोकस जुळवण्यासाठी ठेवले. पुढे १९२९ च्या त्यांच्याच रोलायफ्लेक्स कॅमेऱ्यामध्ये तीच युक्ती दोन भिंगांवर आली.

खरे कारण असे, की प्रत्येक भिंग आपले चित्र जागच्या जागी १८० अंशांत फिरवते, आणि आपण मात्र सुलटे करताना अख्खी पट्टी फिरवतो. त्यामुळे डाव्या भिंगाचे चित्र उजव्या डोळ्यापुढे येते आणि जवळचे ते दूर भासते. पट्टी मधोमध कापून, तुकडे न फिरवता, फक्त त्यांच्या जागा बदला. डाव्या डोळ्याचे चित्र ओळखणे सोपे आहे: त्यात जवळची वस्तू मागच्या भिंतीच्या तुलनेत थोडी उजवीकडे असते.

प्रतिसाद २:
साध्या कॅमेऱ्याच्या एका भिंगापुढे चार आरशांचे जोडसाधन लावले, तर ही कापाकापी लागत नाही, हे मला फार सुंदर वाटते. बाहेरचे दोन आरसे दोन डोळ्यांची दृश्ये टिपून आतल्या दोघांकडे पाठवतात. प्रत्येक बाजूचा प्रकाश दोनदा परावर्तित झाल्याने डावे-उजवे पूर्ववत होते, आणि एकच भिंग पूर्ण चौकट एकत्र फिरवत असल्यामुळे डावे चित्र डावीकडेच राहते. मात्र प्रत्येक डोळ्याच्या वाट्याला अर्धी, उभी चौकट येते. शिवाय आरशांचा मुलामा काचेच्या पुढच्या पृष्ठभागावरच हवा, कारण घरच्या आरशासारखा तो मागे असेल तर काचेच्या पृष्ठभागावरून दुसरे फिकट चित्र उमटते.

प्रश्नकर्ता:
वृंदावनाची कड भिंतीवरच्या कोणत्या विटेशी येते, ते दोन्ही चित्रांत भिंगाने तपासले. फरक जवळजवळ अर्ध्या विटेचा निघाला. पट्टी कापून जागा बदलल्यावर भिंत मागे गेली आणि तुळशीच्या मंजिऱ्या एकेक सुट्या दिसू लागल्या. दोघांचेही मनापासून आभार.