लवचीक सांधे आणि तळपायांचे दुखणे

प्रश्न (फोंडा)
माझ्या १७ वर्षांच्या मुलीचे सांधे लहानपणापासून फार लवचीक आहेत. गुडघे न वाकवता तिचे तळहात सहज जमिनीला टेकतात. चतुर्थीसाठी फुगडीचा सराव सुरू झाल्यापासून, फरशीवर अनवाणी नाचून आल्यावर तिचे तळपाय आणि घोट्यांची आतली बाजू इतकी दुखते की जिना उतरणे नकोसे होते. एक्स-रेमध्ये काही दोष आढळला नाही. मग हे कशामुळे होते, आणि सराव थांबवावा का?

उत्तर (फिजिओथेरपिस्ट, म्हापसा)
पायाची कमान अस्थिबंध (हाडे एकमेकांना जोडणारे पट्टे) आणि स्नायू मिळून सावरतात. अस्थिबंध सैल असले की अंगाचा भार पडताच कमान खाली बसते, टाच बाहेर कलते आणि पोटरीतून घोट्याच्या आतल्या बाजूने तळपायाकडे उतरणाऱ्या स्नायूला कमान उचलून धरण्यासाठी जास्त राबावे लागते. आपण सांगितलेली जागा त्याच्याच स्नायुरज्जूची (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीची) आहे. बसल्यावर दिसणारी कमान उभे राहताच नाहीशी होते का, हे घरीच पाहता येईल.

लवचीकपणा ९ गुणांच्या बायटन चाचणीने मोजतात आणि तिच्या वयात ५ किंवा अधिक गुण जास्त मानले जातात. पण तेवढ्याने आजार ठरत नाही, कारण अशा अनेकांना कधीच त्रास होत नाही.

पाय दुखले की ताणण्याचे व्यायाम सुचवले जातात. पोटरी खरोखर आखडलेली नसेल, तर ते टाळावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. सैल सांध्यांना ताण नव्हे, बळ हवे. टाचा सावकाश उचलणे, बोटे न मुडपता कमान वर ओढून धरणे आणि एका पायावर तोल सांभाळणे हे रोज थोडे थोडे करावे. फरक दिसायला काही आठवडे लागतात. सराव बंद करू नये, वेळ कमी करावा आणि तूर्त टाच घट्ट धरणारे बूट घालून नाचावे.

उत्तर (मडगाव)
मलाही हाच त्रास आहे. घरातल्या फरशीवर मी मागे पट्टा असलेली, कमानीला आधार देणारी सँडल वापरते. सपाट रबरी चपलेत बोटांनी चप्पल धरून चालावे लागते आणि पाय अधिक थकतात.

प्रश्नकर्ती
उभी राहताच कमान खरोखरच नाहीशी होते. मिरामारच्या वाळूत चालल्याने बळ येईल का?

उत्तर (फिजिओथेरपिस्ट, म्हापसा)
सध्या नको, मऊ वाळूत पाय आणखी कलतो. एका पायावर टाच उचलता येत नसेल, घोटा सुजत असेल किंवा खांद्यासारखे सांधेही निखळत असतील, तर व्यायाम सुरू करण्याआधी बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या) अस्थिरोग विभागात दाखवून घ्यावे.