मदत हवी आहे: आयटीएफ टेनिसची अल्टरनेट यादी आणि रेल्वेचं तिकीट

आमच्या गल्लीतला पोरगा, रामनगरच्या कोर्टवर वाढलेला, सध्या आयटीएफच्या (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघ) एम१५ स्पर्धा खेळतो. एम१५ म्हणजे सगळ्या खेळाडूंत मिळून १५ हजार डॉलर बक्षीस. क्वालिफाइंगलाच, म्हणजे मुख्य स्पर्धेआधीच्या पात्रता फेरीतच, हरला तर हॉटेलचं भाडंही अंगावर. सलग हरतोय बिचारा. पुढची स्पर्धा पुण्यात आहे, तेव्हा मी आणि त्याचे बाबा टाळ्या वाजवायला जाणार आहोत. मागच्या वेळी आख्ख्या स्टँडमध्ये आम्ही दोघं आणि एक चहावाला होतो!

घोळ असा की रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि खेळाडूंची यादी लागते जेमतेम अडीच-तीन आठवडे आधी. तोवर गरीबरथ वेटिंगवर. त्यात पोरगा क्वालिफाइंगच्या अल्टरनेट यादीत, म्हणजे खेळाडूंच्या वेटिंग लिस्टमध्ये, नववा. आयटीएफच्या साइटवर रोज बघतो, नंबर हलतो पण कळत काही नाही. त्याला विचारायचं नाही, आधीच टेन्शनमध्ये असतो. ट्रॅव्हल्सची बस नको, त्याच्या बाबांची कंबर धरते.

ज्यांची मुलं खेळतात अशा कुणीतरी सांगा: नववा अल्टरनेट साधारण आत येतो का, आणि नक्की कोणत्या दिवशी कळतं?