स्पितीत तंबू, दगडावरची चित्रं आणि सासूबाईंचा शाळिग्राम: मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

गणपती उरकले की सप्टेंबरअखेर हिमाचलातल्या स्पितीला जायचं घाटतंय. आम्ही मुलुंडचे चौघं: मी, नवरा, भूशास्त्र शिकणारी लेक आणि माझे सासरे. सासरे साठीपार, सह्याद्रीत अजून आम्हाला मागे टाकतात, पण बीपीची गोळी चालू आहे. इथले जुने धागे चाळले, बहुतेक बाइकवाल्यांचे. आम्हाला 'जगातलं सर्वात उंच अमुकतमुक'च्या पाट्यांसमोर फोटो काढायचे नाहीत.

राजापूरच्या सड्यावरची कातळशिल्पं पाहिल्यापासून नवऱ्याला त्याचं वेड लागलंय. स्पितीतल्या ताबो गावाच्या आसपास नदीकाठच्या धोंड्यांवर आयबेक्स (रानबोकड), शिकारी, स्वस्तिकं कोरलेली आहेत असं त्याने वाचलं. आपल्याकडे जांभ्यात खोदलंय, तिथे दगडावरचा काळपट चकचकीत थर टोचून काढलाय, म्हणून आतला फिका दगड रेषेसारखा दिसतो. चित्र जुनं होत जातं तशी ती रेषाही पुन्हा काळवंडते. रस्त्यांच्या कामात यातले बरेच धोंडे फुटले म्हणे. उरलेले दाखवायला गावात कुणाला विचारावं?

लेकीचा जीव काझ्याच्या वरच्या लांगझा गावात अडकलाय. तिथल्या काळ्या शेलमध्ये (चिखल दबून झालेल्या खडकात) अमोनाइट, म्हणजे चक्रासारख्या शंखातल्या समुद्री जिवांचे जीवाश्म, सापडतात. आमच्या देव्हाऱ्यातला चक्राचा शाळिग्राम म्हणजे गंडकीतला अमोनाइटच, हे तिने आजीला सांगितलं आणि घोळ झाला. सासूबाईंची ऑर्डर आली, "मग तिकडून एक आणाच." गावातली मुलं असे दगड विकतात असं ऐकलंय. लेक म्हणते अजिबात घ्यायचा नाही. दोघींच्या मध्ये मी!

आता खरा प्रश्न. आमचा एजंट म्हणतो, चंदीगडहून मनाली, दुसऱ्या दिवशी थेट चंद्रताल तळं, मग स्पितीतलं मुख्य गाव काझा. मनाली २०५० मीटर, चंद्रताल ४२५०च्या आसपास, त्यापुढची कुंझुम खिंड साडेचार हजारांच्या वर. सासऱ्यांना घेऊन मनालीहून एका दिवसात चंद्रतालपर्यंत चढायचं मला काही पटत नाही. मी उगाच घाबरतेय का?

शिवाय आमचे तंबू राजमाची, हरिश्चंद्रगडावर चाललेले आहेत. तिकडे चालतील? आणि स्टोव्हचा गॅस कुठे घ्यायचा? विमानात तो नेऊ देत नाहीत.

ठाणेकर_भटक्या: उगाच नाही. एजंटला नारळ द्या. शिमल्यामार्गे किन्नौरकडून चढा: नारकंडा, कल्पा, नाको, ताबो, मग काझा. कल्पा २९०० मीटरच्या आसपास, नाको ३६००, तिथून ताबोला पुन्हा ३३००च्या खाली उतरता. शरीर आपसूक सरावतं. ताबोत दोन रात्री काढाच. तिथला बौद्ध मठ इ.स. ९९६चा, मातीचा, आत फोटोला बंदी आणि अंधार असतो, छोटी टॉर्च ठेवा. धोंड्यांचं होमस्टेवाल्यालाच विचारा आणि सकाळी लवकर किंवा उन्हं उतरल्यावर जा. माथ्यावरच्या उन्हात काही दिसत नाही, तिरप्या उन्हात रेषा उठून येतात.

लांगझा ४४०० मीटर. काझ्यात रात्री काढल्याशिवाय तिथे मुक्काम करू नका. त्याआधी धनकरच्या तळ्यापर्यंतची चढण करून बघा, सासऱ्यांचा अंदाज येईल. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) द्यायची तर त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच. बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असेल किंवा सल्फाची ॲलर्जी असेल तर तसं आधी सांगा. डोकं ठणकून उलट्या झाल्या, चालताना झोक जायला लागला, तर 'सकाळी बघू' करायचं नाही, रात्रीच गाडी काढून खाली.

चंद्रताल अगदी शेवटी ठेवा. तळ्याकाठी तंबू ठोकायला मनाई आहे, कॅम्प बरेच अलीकडे असतात. कुंझुमला अवेळी बर्फ पडला तर आल्या वाटेने परतावं लागेल, म्हणून दोनेक दिवस हातचे राखा.

तंबूचं म्हणाल तर दुपारनंतरचा वारा बेकार. जमीन एवढी खडकाळ की मेखा वाकतात. दोऱ्या मोठ्या दगडांना बांधा. त्यापेक्षा होमस्टेच्या आवारात विचारून लावा. सासऱ्यांना आत खोली, तुम्ही बाहेर. रात्री पारा शून्याखाली जाऊ शकतो, आपल्या सह्याद्रीच्या स्लीपिंग बॅगा विसरा.

काळा_पाषाण: लेकीच्या बाजूने माझं मत. तिथला शेल ज्युरासिक काळातला, ढोबळ १५ कोटी वर्षांपूर्वीचा, टेथिस समुद्राच्या तळाशी साचलेला गाळ. अमोनाइट बहुधा गोल, काळ्या गाठींच्या आत असतो. गाठ जागेवरून हलली की ती कुठल्या थरातली हे कळायला मार्ग नाही, आणि अभ्यासात सगळी किंमत त्या थराचीच. आपण पैसे दिले की आणखी गाठी फुटणार, एवढं साधं आहे. तिला सांगा, बाजूला नाणं ठेवून फोटो काढ, जागा वहीत लिही आणि दगड तिथेच ठेव. सासूबाईंना म्हणावं, देवघरात एक आहे ना, त्याला कशाला सवत!

दगडांवरच्या चित्रांचंही तेच. फोटोत रेषा उठून दिसाव्यात म्हणून खडू फिरवणारे, पाणी मारणारे महाभाग असतात. नवऱ्याला आवरा.

धागाकर्ती: दोघांचे मनापासून आभार. एजंटला कळवलं, तो म्हणाला किन्नौरकडून जायचं तर गाडीचे जास्त पडतील. पडू देत. सासऱ्यांना 'आत खोली' वाचून दाखवलं, ते भडकलेत. त्यांना तंबूच हवा. तो तिढा आम्ही सोडवू. गॅसचं मात्र राहिलंच: आता मनालीहून चढणार नाही, तर स्क्रूचा छोटा डबा चंदीगड किंवा शिमल्यात मिळतो का? कुणी अलीकडे घेतला असेल तर बाजाराचं नाव सांगा.